मूल सोबत असेल, असे समजून



शाळा पुन्हा सुरू झाल्या आहेत. सकाळच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात छत्र्या, दप्तरे आणि नवे गणवेश दिसू लागले आहेत. बहुधा याच दिवसांत, येशूच्या पवित्र हृदयाच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, ख्रिस्तसभा पवित्र मरियेच्या निष्कलंक हृदयाचे स्मरण करते. आणि याच महिन्यात, २६ जूनला, अमली पदार्थांविरोधी आंतरराष्ट्रीय दिन असतो. संयुक्त राष्ट्रसंघाने १९८७ साली तो ठरवला. त्या दिवशी शाळाशाळांतून फेऱ्या निघतात, मुले फलक धरून घोषणा देतात, पाहुणे भाषण करून जातात. २७ जूनला सारे पूर्ववत होते.

मरियेच्या हृदयाच्या स्मरणदिनी मिस्सामध्ये वाचले जाणारे शुभवर्तमान आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. येशू बारा वर्षांचा आहे. मरिया आणि योसेफ त्याला घेऊन ओलांडण सणासाठी येरुशलेमला जातात. सण आटोपतो, नाझरेथची मंडळी परत निघतात. येशू मागेच राहतो. त्याच्या आईवडिलांना हे ठाऊक नसते. तो सोबतच्या मंडळींत असेल असे समजून ते एक दिवसाची वाट चालून जातात. संध्याकाळी नातेवाईकांत आणि ओळखीच्यांत शोध घेतात. तो सापडत नाही. मग त्याच पावली परत फिरतात आणि तिसऱ्या दिवशी तो त्यांना मंदिरात गुरुजनांमध्ये बसलेला सापडतो.

हे शुभवर्तमान ऐकताना आपले लक्ष मंदिरातल्या प्रसंगाकडे जाते. आज आपण त्याआधीच्या त्या एका दिवसाच्या वाटेकडे पाहू या. मरिया आणि योसेफ बेफिकीर होते का? मुळीच नाही. त्या काळी गावचे लोक अशा यात्रेला एकत्र निघत. अनेक दिवसांची पायपीट असे, वाटेत चोरांचे भय असे. मुले कधी काकाजवळ, कधी मावशीजवळ, कधी शेजाऱ्याच्या मुलांबरोबर चालत. प्रत्येक मोठे माणूस प्रत्येक मुलावर नजर ठेवी. म्हणूनच आई निश्चिंतपणे दिवसभर चालू शकली. मूल सोबत असेल, हा तिचा विश्वास तिच्या गावावरचा विश्वास होता.

पण त्या दिवशी मुलगा सोबत नव्हता, आणि एवढ्या मोठ्या जमावात ते एकाच्याही लक्षात आले नव्हते.

एका आईचा प्रश्न

काही काळापूर्वी आम्ही एका घरी गेलो होतो. ते घर आपल्या धर्मग्रामातले की शेजारच्या, हे आम्ही सांगणार नाही, आणि कुणी तर्क करू नये अशी आमची विनंती आहे. त्या आईने मात्र आम्हाला सांगितले, "फादर, नाव घेऊ नका, पण लोकांना सांगा."

तिचा मुलगा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता. लहानपणी वेदीसेवक होता. आवाज चांगला म्हणून गायनमंडळात होता. दहावीनंतर कधीतरी सिगारेट, मग सिगारेटमध्ये गांजा, आणि मग मित्रांनी दिलेली पांढरी पूड. तिला लोक नुसते 'एम. डी.' म्हणतात. घरातले पैसे कमी होऊ लागले, तेव्हा आईला वाटले आपणच हिशोबात चुकतो. तिच्या बहिणीच्या मुलीच्या लग्नासाठी काढून ठेवलेली साखळी दिसेनाशी झाली, तेव्हा तिने कामवालीवर संशय घेतला. मुलाला पोलीस ठाण्यात बसवून ठेवल्याचा फोन आला, तेव्हा तिला कळले.

आम्ही सांत्वनाचे दोन शब्द बोलायला गेलो होतो. तिने आमच्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाली, "फादर, तो रोज संध्याकाळी पुलाजवळ बसायचा, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. दुकानदाराला ठाऊक होतं, रिक्षावाल्यांना ठाऊक होतं. मग मला एकानेही कसं सांगितलं नाही?"

आम्ही गप्प राहिलो. कारण थोडेसे आम्हालाही ठाऊक होते. तो गायनमंडळात येईनासा झाला, तेव्हा आमच्या लक्षात आले होते. अभ्यास वाढला असेल, असे आम्ही समजलो. रविवारच्या मिस्साला तो बाहेर झाडाखाली उभा राहू लागला, तेव्हाही आम्ही पाहिले होते. हे वयच तसे, असे आम्ही समजलो. नाझरेथच्या मंडळींनी मुलगा दिसत नाही हे पाहिलेच नाही. आम्ही पाहिले, आणि तरीही तिला सांगितले नाही. कुणाचा दोष मोठा?

आपण का बोलत नाही?

बंधुभगिनींनो, आपण स्वतःला हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारू या. आपल्या वाडीत कुणाच्या घरी कोणता पाहुणा आला, कुणाच्या विहिरीचे पाणी आटले, कुणाच्या मुलीला कुठले स्थळ आले, हे आपल्याला घरबसल्या कळते. मग कुणाचे मूल कुठे बसते आणि काय ओढते, एवढेच नेमके त्याच्या आईपर्यंत का पोहोचत नाही?

एक कारण भीतीचे आहे. जो पदार्थ विकतो त्याची भीती वाटते, आणि ती अगदीच खोटी नाही. पण बहुतेक वेळा आपल्याला वेगळीच भीती असते. सांगायला गेलो आणि त्या घरचे आपल्याच अंगावर आले तर? "माझ्या मुलाकडे बोट दाखवण्याआधी स्वतःच्या घरात बघ," असे उत्तर ऐकून परत आलेली माणसे आपल्यात आहेत. एकदा असे उत्तर मिळाले की ते माणूस पुन्हा कुणाच्या दारात जात नाही. आणि खरे बोलायचे तर, ते उत्तर देणारेही आपणच आहोत. आपल्या मुलाविषयी कुणी काही बोलले की आपल्याला आधी इज्जत आठवते, मूल नंतर आठवते.

दुसरे कारण जास्त लाजिरवाणे आहे. आपण बोलतो, पण त्या आईशी बोलत नाही. लग्नाच्या मांडवात, ट्रेनच्या डब्यात, भाजी निवडताना, फोनवर, सगळीकडे बोलतो. जे तिच्या कानी जायला हवे ते तिला सोडून सर्वांच्या कानी जाते. काइनाने देवाला विचारले होते की भावाची राखण करणे हे माझे काम आहे का. आपण तसे विचारत नाही. आपण राखण करतो, पण फक्त डोळ्यांनी आणि जिभेने.

हे संकट येते कसे?

पुष्कळ पालकांची समजूत अशी की कुणी अनोळखी, भीतिदायक माणूस शाळेच्या फाटकाशी उभा राहतो आणि मुलांना बिघडवतो. असे क्वचित होतही असेल. पण पहिला घोट आणि पहिला झुरका बहुधा ओळखीच्या हातून येतो. वर्गमित्र असतो, क्रिकेटच्या संघातला थोडा मोठा मुलगा असतो, आणि पुष्कळदा आपल्याच घरच्या समारंभातला मामा किंवा काका असतो. "आता मोठा झालास, घे थोडी, आमच्यासमोर घे," असे म्हणून हसत हसत पेला पुढे केला जातो. त्या मुलाला त्या रात्री एक धडा मिळतो: आनंद व्हायचा असेल तर काहीतरी प्यावे लागते. हा धडा त्याला पुलाजवळ कुणी शिकवला नाही. तो आपण शिकवला, नामकरणात, साखरपुड्यात आणि लग्नाच्या आदल्या रात्री.

केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्स संस्थेने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार १० ते ७५ वर्षे वयाचे सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात आणि सुमारे ३ कोटी १० लाख लोक भांग, गांजा, चरस यांपैकी काही घेतात. त्याच पाहणीतली एक गोष्ट पालकांनी नीट लक्षात ठेवावी. सोल्युशन, थिनर, पेट्रोल असे पदार्थ हुंगण्याचे प्रमाण मोठ्यांपेक्षा लहान मुलांत आणि किशोरांत अधिक आढळले. ज्या वस्तू आपल्या घरात, गॅरेजमध्ये, स्टेशनरीच्या दुकानात असतात, त्यांच्यापासून ही सुरुवात होते. खोकल्याच्या काही औषधांचा आणि झोपेच्या गोळ्यांचाही असाच गैरवापर होतो. एम. डी. म्हणजे मेफेड्रोन. २०१५ साली सरकारने त्याचा समावेश अमली पदार्थांच्या कायद्यात केला, तरी ते मिळायचे थांबलेले नाही.

डॉक्टर सांगतात की माणसाचा मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो. मोह आवरणारा, पुढचा विचार करणारा भाग सर्वांत शेवटी पक्का होतो. म्हणून जितक्या लहान वयात सुरुवात, तितकी सवय जडण्याची शक्यता जास्त. मुलाने ती सुरुवात काही वर्षे जरी पुढे ढकलली, तरी त्याचा फार मोठा बचाव होतो. हे ऐकून आपल्याला आशा वाटायला हवी. आपल्याला सगळ्या जगातला गांजा नाहीसा करायचा नाही. आपल्या मुलांच्या आयुष्यातली बारा ते अठरा ही सहा-सात वर्षे आपल्याला नीट राखायची आहेत.

एका लहान देशाने काय केले?

युरोपच्या उत्तरेला आइसलँड नावाचा बेटदेश आहे. त्याची लोकसंख्या चार लाखांच्या आत आहे. आपल्या वसई-विरार महानगरपालिकेत २०११ च्या जनगणनेच्या वेळीच बारा लाखांवर माणसे होती, म्हणजे तो देश किती लहान हे कळेल. १९९८ साली तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या शंभर मुलांपैकी ४२ मुले गेल्या महिनाभरात दारू पिऊन झिंगलेली होती, २३ रोज सिगारेट ओढत होती आणि १७ जणांनी कधी ना कधी गांजा किंवा चरस घेतला होता. २०१६ साली हेच आकडे अनुक्रमे ५, ३ आणि ७ वर आले होते.

हे कसे झाले? तिथेही आधी वर्गावर्गात व्यसनाच्या दुष्परिणामांवर भाषणे होत असत. त्यांचा फारसा उपयोग होत नव्हता. मग त्यांनी मुलांनाच विचारायला सुरुवात केली, नाव न लिहिता प्रश्नपत्रिका भरून घेतल्या. त्यातून दिसले की जी मुले आईवडिलांबरोबर वेळ घालवतात, ज्यांचे मित्र आईवडिलांना ठाऊक असतात, जी नियमित खेळतात किंवा वाजवायला, नाचायला शिकतात आणि जी रात्री उशिरा बाहेर नसतात, ती व्यसनापासून बरीच सुरक्षित राहतात. मग सगळा समाज याच गोष्टींच्या मागे लागला. खेळ आणि संगीत यांसाठी मुलांना मदत मिळू लागली. कायद्याने हिवाळ्यात बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना रात्री ८ नंतर आणि तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांना १० नंतर मोठ्यांशिवाय बाहेर राहता येत नाही. उन्हाळ्यात दोन तासांची सवलत असते. एका शाळेतल्या मुलांचे पालक एकत्र येऊन लेखी करार करू लागले: मोठे माणूस घरी नसताना मुलांची पार्टी होऊ देणार नाही, अल्पवयीन मुलांसाठी दारू विकत घेणार नाही, आणि एकमेकांच्या मुलांवर लक्ष ठेवू. शनिवार-रविवारच्या आदल्या रात्री पालक दोघे-चौघे मिळून मोहल्ल्यातून नुसते फिरू लागले. हातात काठी नाही, तोंडात शिवी नाही. मुलांना फक्त दिसावे की आपली माणसे जागी आहेत.

म्हणजे त्या देशाने काय केले? मुलाला पुन्हा सोबतच्या मंडळींत घेतले. नाझरेथच्या यात्रेत जे आपोआप होत असे, ते त्यांनी ठरवून, लिहून, पाळत ठेवून पुन्हा उभे केले.

कुणी म्हणेल, फादर, ते श्रीमंत देश. त्यांच्याकडे खेळाची बंदिस्त मैदाने आहेत. आमच्याकडे बाप पहाटेची लोकल पकडतो आणि रात्री नऊला घरी येतो, आई भाजीची पाटी घेऊन दादरला जाते किंवा दोन ठिकाणी कामाला जाते. हे खरे आहे, आणि अशा आईबापांना आम्ही दोष देत नाही. पण आपल्याकडे जे आहे ते त्यांनाही पैसे देऊन मिळणार नाही. आपल्याकडे वाडी आहे. मे महिन्यात क्रुसाजवळ रोझरीला सारे घर जमते. लहान ख्रिस्ती समूहांच्या सभा आहेत. बाप्तिस्म्याच्या वेळी प्रत्येक मुलाला धर्ममातापिता मिळालेले आहेत. मुलाला सोबत देणारी माणसे आपल्यातच आहेत. त्यांनी एकमेकांकडे पाहायचे तेवढे राहिले आहे.

परवानगी देऊ या

म्हणून यंदा आमचे आपणा सर्वांकडे एक मागणे आहे. मोठे नाही. आपण प्रत्येक पालकाने आपल्या आळीतल्या निदान तीन घरांत जावे आणि पुढील अर्थाचे वाक्य स्वतःच्या तोंडाने बोलावे: माझा मुलगा किंवा माझी मुलगी तुम्हाला कुठे वावगी दिसली, तर कृपा करून आधी मला सांगा. मी तुमच्यावर रागावणार नाही. तुमचे नाव मुलाला सांगणार नाही. तुमचे आभार मानीन.

हे वाक्य बोलणे सोपे नाही. ते बोलताना आपल्याला थोडे लहान झाल्यासारखे वाटेल. पण त्यामुळे शेजाऱ्याच्या तोंडावरचे कुलूप निघते. वेळ आल्यावर सांगायचे की नाही, या विचारात त्याने महिने घालवू नयेत म्हणून त्याला आधीच परवानगी द्यायची. आणि ज्याला परवानगी मिळाली, त्याने ती जपून वापरावी. जे स्वतः पाहिले तेवढेच सांगावे. एकांतात सांगावे. सांगितल्यावर तिसऱ्या माणसाकडे त्याचा उच्चार करू नये. आपल्या शुभवर्तमानात प्रभूने बंधूची चूक आधी त्याच्याशी एकट्याने बोलायला सांगितले आहे, हे आपण विसरू नये.

यासोबत आणखी काही गोष्टी आम्ही सुचवतो.

पहिली, आपल्या मुलाच्या चार जवळच्या मित्रांच्या आईवडिलांचे फोन नंबर आपल्याकडे असावेत. मुलगा मित्राकडे अभ्यासाला जातो म्हणाला, तर त्या घरी एक फोन करावा. हा अविश्वास नव्हे, ही सोबत आहे.

दुसरी, आपल्या घरच्या कार्यात अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती कुणीही पेला देणार नाही, असे यजमानाने आधीच सर्वांना सांगावे. हा केवळ उपदेश नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मामा असला तरी कायदा तोच आहे.

तिसरी, चर्चचे मैदान आणि सभागृह संध्याकाळी मुलांना मोकळे असावे. यासाठी दिवा, चेंडू आणि एक जबाबदार मोठे माणूस एवढेच लागते. दिवा आणि चेंडू यांची सोय आम्ही करू. माणूस आपण द्यायचा आहे. निवृत्त झालेले पुष्कळ बंधू आपल्यात आहेत. आठवड्यातील एक संध्याकाळ प्रत्येकाने दिली तर भागेल.

चौथी, शनिवारी रात्री दोन-दोन पालकांनी पुलापासून क्रुसापर्यंत एक फेरी मारावी. कुणाला पकडायचे नाही, कुणाशी भांडायचे नाही. मुलांना नावाने हाक मारायची, "जेवलास का?" असे विचारायचे आणि पुढे जायचे. जिथे विक्री होते असे वाटेल तिथे आपण स्वतः धाडस करू नये. ते पोलिसांचे काम आहे आणि त्यांना कळवायला आम्ही आपल्याबरोबर येऊ.

जो अडकला आहे त्याचे काय?

हे सर्व ज्यांची मुले अजून वाचलेली आहेत त्यांच्यासाठी झाले. पण आजही या बाकांवर अशा आया बसल्या आहेत ज्यांना वाटते की आपल्याला उशीर झाला. भगिनींनो, हे पुढचे आपल्यासाठी आहे.

चीनमध्ये मार्क जी तियानशियांग नावाचे एक डॉक्टर होते. ते श्रद्धावंत कॅथलिक होते आणि गरिबांना फुकट तपासत. पोटाच्या दुखण्यावर त्यांनी अफू घेतली आणि अफूने त्यांना धरले. ते पुन्हा पुन्हा कुमसाराला जात, तेच पाप सांगत. त्या काळी व्यसन हा आजारही असतो याची समज नव्हती. याला खरा पश्चात्ताप नाही असे धर्मगुरूला वाटले आणि त्यांना ख्रिस्तशरीर देणे बंद झाले. तीस वर्षे हा माणूस कम्युनियनशिवाय राहिला. लोक नावे ठेवत. तरी त्याने चर्च सोडले नाही. अफूही सुटली नाही. १९०० साली बॉक्सर बंडात ख्रिस्ती लोकांची कत्तल सुरू झाली, तेव्हा त्यांना कुटुंबीयांसह पकडले गेले. मला सर्वांच्या शेवटी मारा, म्हणजे माझ्या घरातले कुणीही एकटे मरणार नाही, अशी विनंती त्यांनी केली असे सांगतात. १ ऑक्टोबर २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी चीनच्या रक्तसाक्ष्यांबरोबर त्यांना संत घोषित केले.

ज्याला कम्युनियन नाकारले गेले, तो आज वेदीवर आहे. आपल्या मुलाविषयी शेवटचा शब्द कुणी बोलायचा, हे देवाच्या हाती आहे. ते आळीच्या हाती नाही.

आणि आज आपली समज संत मार्क जी यांच्या काळापेक्षा पुष्कळ वाढली आहे. व्यसन हा उपचार करता येणारा आजार आहे. फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये कृपा फाउंडेशन सुरू केले आणि योगसाधना व बारा पायऱ्यांचा मार्ग यांची सांगड घातली. पुढे कृपाचे केंद्र आपल्या वसईतही उभे राहिले. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण उभारले. सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. तिथे नाव न सांगताही सल्ला मिळतो. केंद्र निवडताना तिथे डॉक्टर आहे का, नोंदणी आहे का, घरच्यांना भेटू देतात का, हे विचारावे. मारझोड करून व्यसन सोडवतो म्हणणाऱ्यांकडे मूल सोपवू नये.

पुष्कळ पालक पोलिसांच्या भीतीने उपचार टाळतात. त्यांनी हे जाणून घ्यावे. अमली पदार्थांच्या कायद्याचे ६४-अ हे कलम याच लोकांसाठी आहे. केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. मात्र उपचार पूर्ण करावे लागतात. गरज पडली तर आपल्या ओळखीतल्या वकिलांशी बोलायला आम्ही मदत करू.

ज्या आईची गोष्ट आम्ही सांगितली, तिचा मुलगा उपचार घेत आहे. काही आठवड्यांनी तो घरी येईल. कदाचित पुन्हा पडेल. अनेकजण पडतात आणि पुन्हा उठतात. तो आला की पहिल्या रविवारी आईबरोबर मिस्साला येईल असे त्याने तिला म्हटले आहे. तो कुठल्याही चर्चमध्ये येऊ शकतो. आपल्याही. एखाद्या रविवारी आपल्या बाकावर एखादा तरुण जरा संकोचून बसलेला दिसला, तर आपण काय करू? मागे वळून बघू आणि शेजारणीला कोपर मारू? की सरकून जागा देऊ आणि शांतीच्या वेळी त्याचा हात हातात घेऊ? त्या आईने आम्हाला विचारलेल्या प्रश्नाला आम्ही उत्तर देऊ शकलो नाही. आपण त्या बाकावर देऊ शकतो.

त्याच पावली परत

पुन्हा एकदा त्या वाटेकडे पाहू या. आपल्या मुलांची आणि बाल येशूची बरोबरी नाही. तो वाट चुकला नव्हता. तो पित्याच्या घरी होता. पण मरिया आणि योसेफ यांची काळजी मात्र अगदी आपल्यासारखी होती. मुलगा सोबत नाही हे कळल्यावर त्यांनी जमावाला दोष देत वेळ घालवला नाही. एकमेकांनाही दोष दिला नाही. आधी विचारले, नातेवाईकांना, ओळखीच्यांना, एकेकाला. विचारायला त्यांना लाज वाटली नाही. मग एका दिवसाची वाट पुन्हा तुडवली. सापडल्यावर आईने आपले दुःख मुलासमोर बोलून दाखवले, त्याचे उत्तर ऐकले आणि जे समजले नाही ते अंतःकरणात ठेवले. मुलगा त्यांच्याबरोबर नाझरेथला परत गेला.

आपणही विचारू या. आजच, या मिस्सानंतर, चर्चच्या पायऱ्यांवर. "माझं पोर तुम्हाला कुठे दिसलं तर मला सांगा हं," एवढे एका शेजाऱ्याला म्हणून घरी जाऊ या. ज्याला ते म्हटले जाईल त्याने "तुम्हीही माझ्या पोराचं सांगा," असे म्हणावे.

हे प्रभू येशू, तूही एकदा आईवडिलांच्या नजरेआड झाला होतास. आमच्या धर्मग्रामातील प्रत्येक मुलाला आणि मुलीला तुझ्या हृदयात ठेव. ज्या आया रात्री दाराकडे कान लावून जाग्या असतात, त्यांच्याजवळ बस. जे व्यसनात अडकले आहेत त्यांना परत येण्याची वाट दाखव, आणि ते आले की त्यांना जागा देण्याची बुद्धी आम्हाला दे. आम्हाला बघून गप्प राहण्याच्या पापातून सोडव, आणि भलत्या ठिकाणी बोलण्याच्या पापातूनही. पवित्र मरिये, शोधणाऱ्या माते, आमच्याबरोबर शोधायला चल. आमेन.